पात्रांव नसलेला विजेता

रॉबिन फ्राइन्स हे नाव वाचून तुमच्यापैकी बहुतेकांच्या कपाळावर आठी पडेल. हा कोणी चित्रकार नव्हे, गवई नव्हे, पोर्तुगीज आमदानीत इथे येऊन प्रवासवर्णन लिहून गेलेला वलंदेजही नव्हे. हा मोटारींच्या शर्यती धावणारा एक डच गडी आहे. जन्म ७ ऑगस्ट १९९१, गाव मास्त्रिख्त. नाटक, संगीत, भाषा यांच्या गप्पा चाललेल्या असताना मध्येच ही मोटार कुठून घुसली, असे कोणी विचारील तर उत्तर सोपे आहे. मी कला शाखेचा पदवीधर असलो तरी पोट भरतो ते सरकारी कारकुनीवर, आणि कारकुनाला याद्या वाचायचा नाद लागतो. सीनियॉरिटी लिस्ट, मेरिट लिस्ट, वेटिंग लिस्ट. नावांची यादी समोर आली की पहिला कोण, दुसरा कोण, आणि नंतर प्रत्यक्ष ऑर्डर कोणाच्या नावाने निघाली, हे तिन्ही ताडून पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. शर्यतींचे निकालही मी तसेच वाचतो.

तर अशीच एक यादी. सन २०११, स्पर्धा युरोकप फॉर्म्युला रेनो २.०. वर्षाअखेरचा क्रम असा: पहिला रॉबिन फ्राइन्स, दुसरा कार्लोस साइन्झ (धाकटा), तिसरा दानिल क्व्यात, चौथा विल स्टीव्हन्स, पाचवा स्टॉफेल व्हॅनडॉर्न. आता पुढे काय झाले ते पाहा. पाचवा फॉर्म्युला वनमध्ये पोचला. चौथा पोचला. तिसरा पोचला आणि तिथल्या पारितोषिकाच्या चौथऱ्यावरही उभा राहिला. दुसरा पोचला आणि २०२४ संपेपर्यंत त्याने तिथल्या चार शर्यती जिंकल्या. आणि पहिला? पहिल्याने फॉर्म्युला वनची एकही शर्यत कधी केली नाही.

एखाद्या खात्यात असे झाले असते तर दुसऱ्या दिवशी कोर्टात रिट पिटिशन दाखल झाली असती!

ज्यांना हा खेळ परका आहे त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. फॉर्म्युला वन हे शिखर. तिथे जागा जेमतेम वीस-बावीस. तिथवर जायचे तर मुलगा सात-आठ वर्षांचा असताना त्याला कार्टमध्ये बसवतात, म्हणजे त्या बुटक्या, टपाविना, गवत कापायच्या यंत्रासारखा आवाज करणाऱ्या गाड्या. पंधरा-सोळाव्या वर्षी तो एकाच माणसाला बसता येईल अशा, उघड्या चाकांच्या खऱ्या रेसिंग गाडीत बसतो. तिथून पुढे पायऱ्या. फ्राइन्सच्या काळी त्यातली पहिली होती फॉर्म्युला बीएमडब्ल्यू, मोटारसायकलचे इंजिन लावलेली, साधारण १४० अश्वशक्तीची. मग फॉर्म्युला रेनो २.०, दोन लिटरची. त्याच्या वर फॉर्म्युला रेनो ३.५, व्ही-८ इंजिनाची, ५३० अश्वशक्तीची. तिच्याच तोलामोलाची दुसरी वाट म्हणजे जीपी-२, जिला २०१७ पासून फॉर्म्युला टू म्हणतात.

या खालच्या पायऱ्यांवरची एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण माझा सगळा मुद्दा तिच्यावरच उभा आहे. फॉर्म्युला वनमध्ये प्रत्येक कंपनी आपापली गाडी बनवते, त्यामुळे कोण जिंकले, माणूस की यंत्र, हा वाद कधी मिटत नाही. खालच्या या वर्गांत मात्र सगळ्यांची गाडी एकच. सांगाडा तोच, इंजिन तेच, टायर तेच. संघ गाडीची जुळवणी कशी करतो यात उन्नीस-बीस होते, पण दहावीच्या परीक्षेत एकाच प्रश्नपत्रिकेवर सगळ्यांनी लिहावे इतपत ती समान असते. आणि या समानतेचा गवगवाही भरपूर होतो. इथे गुणवत्ता कळते, इथून हिरे निवडले जातात, वगैरे.

बरे, मग फ्राइन्सने गुणवत्ता दाखवली नाही काय? २००९ साली तो फॉर्म्युला बीएमडब्ल्यू युरोपमध्ये उतरला. पहिलेच वर्ष, तिसरा आला. त्या वर्षीचा विजेता ब्राझीलचा फेलिपे नास्र, हे नाव लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे. २०१० साली फ्राइन्स विजेता. साइन्झ त्या वर्षीही त्याच्या मागेच होता. २०११ साली वरची यादी, पुन्हा विजेता. दोन्ही वर्षे तो योसेफ काउफमान यांच्या जर्मन संघातून धावला. २०१२ साली रेनो ३.५ मध्ये, फोर्टेक या इंग्लिश संघातून, पहिल्याच प्रयत्नात विजेता. लागोपाठ तीन वर्षे तीन वेगवेगळ्या गाड्या, तीन विजेतेपदे, आणि त्यातल्या दोन वर्गांत तर नवशिका म्हणून पहिल्याच वर्षी. मॅट्रिक, बारावी आणि पदवी या तिन्ही परीक्षांत बोर्डात पहिला येण्यासारखे आहे हे.

यातले शेवटचे विजेतेपद निष्कलंक नव्हते, हेही सांगून टाकतो. ऑक्टोबर २०१२, बार्सिलोना, हंगामातली शेवटची शर्यत. विजेतेपदाच्या झुंजीत फ्राइन्ससमोर होता फ्रान्सचा ज्यूल बियांकी, फेरारीने सांभाळलेला, गोड चेहऱ्याचा मुलगा. शर्यतीत दोघांची धडक झाली, बियांकी बाहेर गेला. फ्राइन्सला २५ सेकंदांचा दंड झाला, तरी वर्षाची बेरीज त्याच्याच बाजूने राहिली. फ्राइन्स १८९, बियांकी १८५. चार गुणांचा फरक. पंचांनी त्या दिवशी आणखी कडक होऊन विजेतेपद बियांकीला दिले असते तरी मी तक्रार केली नसती. पण मग निदान असे म्हणावे लागेल की त्या वर्षी हे दोघेही सारखेच लायक होते. मग पुढल्या वर्षी दोघांचे काय झाले?

बियांकीचे असे झाले. मार्च २०१३ मध्ये मरूसिया नावाच्या गरीब संघाने त्याला घेतले. घेतले ते कसे? त्या जागेवर आधी लुईझ राझिया या ब्राझिलियन ड्रायव्हरची नेमणूक जाहीर झाली होती. राझिया म्हणजे २०१२ च्या जीपी-२ चा उपविजेता. त्याच्या पुरस्कर्त्यांचे पैसे वेळेवर पोचले नाहीत म्हणून महिन्याभरात त्याची नेमणूक रद्द, आणि फेरारीच्या छत्रछायेतला बियांकी आत. २०१४ मध्ये मोनॅकोला त्याने त्या संघाला त्यांच्या इतिहासातले पहिले दोन गुण मिळवून दिले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जपानमध्ये सुझुकाला पावसात त्याची गाडी एका क्रेनवर आदळली आणि नऊ महिने बेशुद्धीत काढून १७ जुलै २०१५ रोजी तो गेला. पंचवीस वर्षांचा होता.

आणि विजेता फ्राइन्स? तो सौबर संघाचा राखीव ड्रायव्हर झाला. राखीव म्हणजे काय हे सरकारी नोकरांना सांगायला नको. खुर्ची आहे, टेबल नाही.

आपल्या गोव्यात एक शब्द आहे, पात्रांव. पोर्तुगीज गेले तरी तो राहिला. मालक, धनी, साहेब, पोशिंदा, हे सगळे अर्थ त्या एका शब्दात आहेत, आणि वर थोडा धाकही आहे. मोटारींच्या शर्यतीत पोराला सगळ्यांत आधी लागतो तो पात्रांव. जीपी-२ चा एक हंगाम धावायचा तर त्या काळी दीड-दोन दशलक्ष युरो लागतात असे सांगितले जाई. हे पैसे संघ ड्रायव्हरला देत नाही, ड्रायव्हर संघाला देतो! फॉर्म्युला वनच्या तळच्या संघांतही हाच उलटा कारभार चाले. त्यामुळे पात्रांव तीन प्रकारचे. एक म्हणजे श्रीमंत बाप किंवा सासरा. दुसरा म्हणजे देशातली बँक, तेल कंपनी, टेलिफोन कंपनी. तिसरा म्हणजे फेरारी, मॅक्लारेन, रेड बुल अशा बड्या संघांनी चालवलेली ड्रायव्हरांची गुरुकुले.

फ्राइन्सकडे पहिले दोन नव्हते. तिसरा मात्र स्वतःहून दारात आला होता. रेड बुलने त्याला आपल्या गुरुकुलात येण्याबद्दल विचारले आणि त्याने नाही म्हटले. नुसते नाही म्हटले नाही, तर ते आपल्या पोरांना ज्या रीतीने वागवतात ते आपल्याला पटत नाही, असे पत्रकारांना बिनदिक्कत सांगून मोकळा झाला. वय एकवीस.

शर्यतींवर लिहिणाऱ्या मंडळींनी तेव्हापासून आजवर या नकाराला मूर्खपणा म्हटले आहे. हातातोंडाशी आलेला घास लाथाडला, तोंडाळ आहे, हट्टी आहे. मला तसे वाटत नाही. रेड बुलच्या गुरुकुलाचा त्या वेळचा हिशेब काढून पाहा. बुएमी आणि अल्गुएर्सुआरी या दोघांना २०११ च्या अखेरीस एकदमच घरी पाठवले होते. २०१३ मध्ये पोर्तुगालच्या आंतोनियो फेलिक्स दा कोश्ताची वेळ आली असे सगळे म्हणत होते, ती जागा क्व्यातला दिली. व्हेर्नला २०१४ नंतर निरोप. ज्याला इतक्या उत्साहाने आणले त्या क्व्यातला २०१६ च्या मे महिन्यात, काही दिवसांपूर्वी रशियात धडक झाली म्हणून, मोठ्या संघातून उचलून पुन्हा धाकट्या संघात टाकले. व्हेटेल आणि रिकार्दो घडले तेही त्याच शाळेत, हे खरे. पण ज्या शाळेत दहांतले आठ नापास करून वर्गाबाहेर काढतात तिथे जायचे की नाही हे ठरवायचा हक्क एकवीस वर्षांच्या माणसाला आहे. त्याने तो वापरला. त्याची किंमत मोजावी लागेल हे त्याला ठाऊक नव्हते असे मानायलाही मी तयार नाही. मास्त्रिख्तच्या त्या पोराला व्यवहार कळत नव्हता असे नाही, त्याला मान कळत होता.

सौबरकडे २०१३ साली शर्यतीच्या दोन जागा. एक जर्मनीचा ह्युल्केनबर्ग, तो चांगलाच होता. दुसरा मेक्सिकोचा एस्तेबान गुतिएरेझ, त्याच्यामागे टेलमेक्स ही टेलिफोन कंपनी. गुतिएरेझ काही ढ नव्हता. २०१० चा जीपी-३ विजेता होता. पण २०१२ साली जीपी-२ मध्ये तिसरा आला होता, विजेता नव्हे. त्या वर्षीचा जीपी-२ विजेता इटलीचा दाविदे वाल्सेक्की, तोही लोटस संघात राखीव म्हणून बसला होता! वर्षाअखेर रायकोनेनने शेवटच्या दोन शर्यती सोडल्या तेव्हा तरी वाल्सेक्कीला संधी मिळायची, तर त्या संघाने जुन्या कोवालाइनेनला बोलावले. म्हणजे २०१२ साली खालच्या दोन्ही मोठ्या परीक्षांत पहिले आलेले दोघेही २०१३ साली हेडफोन लावून दुसऱ्यांच्या शर्यती पाहत होते. मला या खेळातले सगळ्यांत बोलके चित्र हेच वाटते.

उन्हाळ्यात सौबरची तिजोरी रिकामी झाली. रशियन कंपन्यांशी बोलणी झाली आणि त्याबरोबर सतरा वर्षांच्या सेर्गेई सिरोत्किनचे नाव पुढल्या वर्षासाठी जाहीर झाले. सौबरवर मी दात खाणार नाही. स्वित्झर्लंडमधल्या हिनविल गावात त्या कारखान्यावर शेकडो घरे चालत होती. पगार द्यायचे की मास्त्रिख्तच्या एका गुणी मुलाला खुर्ची द्यायची, हा प्रश्न मालकीणबाईंसमोर होता, आणि त्या जागी मी असतो तर मीही पगारच दिले असते.

दरम्यान फ्राइन्सला जीपी-२ मध्ये हिल्मर नावाच्या नव्याकोऱ्या संघाने गाडी दिली होती. पैसे नव्हते, करार शर्यतीगणिक. मे महिन्यात बार्सिलोनाला, म्हणजे सात महिन्यांपूर्वी जिथे धडक झाली त्याच ट्रॅकवर, त्याने मुख्य शर्यत जिंकून दाखवली. त्या संघाचे ते पहिलेच वर्ष, तरी जिंकला. आणि तरी हंगाम पुरा व्हायच्या आत त्याची जागा गेली. चुकले काय? काही नाही. पैसे संपले.

२०१४ साली तो कॅटरहॅम संघाचा राखीव ड्रायव्हर झाला, आणि इथे गोष्टीत आपला गोवा डोकावतो. हा संघ उभा केला होता एअर एशियाचे टोनी फर्नांडिस यांनी. जन्म आणि उद्योग मलेशियातला, पण वडील मूळचे गोंयकार. आपल्याकडे फर्नांडिसांचे कौतुक त्यांच्या विमान कंपनीमुळे झाले, हा संघ फारसा कोणाच्या लक्षात नाही, आणि ते एका अर्थी बरेच आहे, कारण २०१० ते २०१४ या पाच वर्षांत, नाव बदलत बदलत, या संघाला फॉर्म्युला वनमध्ये एकही गुण मिळाला नाही. २०१४ च्या जुलैत फर्नांडिसांनी तो विकून टाकला, ऑक्टोबरमध्ये दिवाळे निघाले, आणि शेवटची अबू धाबीची शर्यत त्यांनी चाहत्यांकडून इंटरनेटवर वर्गणी काढून केली. गणपतीची काढतात तशी!

त्या संघात तेव्हा जपानचा कामुई कोबायाशी होता. त्याने २०१२ च्या अखेरीस आपली जागा राखण्यासाठी चाहत्यांकडून पैसे जमवले होते. पोशिंदा एक नसेल तर हजारो, असा तो विचार. शेजारच्या गाडीत स्वीडनचा एरिक्सन, त्याच्यामागे स्वीडिश धनिक. फ्राइन्सच्या वाट्याला आली शुक्रवारच्या सरावाची दोन सत्रे, एक बहारीनला आणि एक सिल्व्हरस्टोनला. दीड-दीड तास. फॉर्म्युला वनच्या शर्यतीच्या आठवड्यात त्याने गाडी चालवली ती एवढीच.

आता कोणी म्हणेल, हा एकाच माणसाच्या नशिबाचा खेळ झाला. तर त्याच्याच देशाचे आणखी तिघे घ्या.

पहिला गिडो व्हान डर गार्डे. २००८ चा रेनो ३.५ विजेता, म्हणजे तीच पदवी जी फ्राइन्सने चार वर्षांनी मिळवली. गिडोचा सासरा हॉलंडमधला अतिश्रीमंत उद्योगपती. त्याला २०१३ साली कॅटरहॅममध्ये जागा मिळाली. पुढे त्याने सौबरशी २०१५ साठी करार केला, आणि सौबरने त्या दोन जागा दुसऱ्याच दोघांना दिल्या. एक एरिक्सन, आणि दुसरा आपला मघाचा फेलिपे नास्र, २००९ चा विजेता, ज्याच्या पाठीशी आता ब्राझीलची सरकारी बँक उभी होती. गिडो थेट मेलबर्नच्या कोर्टात गेला आणि शर्यतीच्या आठवड्यात खटला जिंकला! तरी गाडीत बसला नाही, भरपाई घेऊन बाहेर पडला. म्हणजे पात्रांव असला तरी पुरत नाही, समोरच्याचा पात्रांव तुमच्यापेक्षा मोठा निघू शकतो.

दुसरा निक डी व्हरीस. कार्टिंगचा २०१० आणि २०११ चा जगज्जेता, मॅक्लारेनने लहानपणीच दत्तक घेतलेला. त्याला एकेरी गाड्यांच्या पायऱ्या चढता चढता २०१९ उजाडले, तेव्हा तो फॉर्म्युला टू चा विजेता झाला. जागा नाही. मग २०२२ साली मोंझाला एका ड्रायव्हरचे अपेंडिक्स दुखू लागले म्हणून ऐनवेळी विल्यम्सच्या गाडीत बसला आणि नववा येऊन दोन गुण घेऊन गेला. त्या एका शर्यतीवर त्याला २०२३ साठी रेड बुलच्या धाकट्या संघाने घेतले. दहा शर्यती झाल्या आणि काढून टाकले. फ्राइन्सने दहा वर्षांपूर्वी जे म्हटले होते ते आठवते ना?

तिसरा मॅक्स व्हर्स्टापन. त्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक. बाप फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर, आई कार्टिंगमधली नावाजलेली, जन्म मास्त्रिख्तहून फार लांब नसलेल्या बेल्जियमच्या हासेल्टचा. त्याने या पायऱ्यांवर किती काळ काढला? एक हंगाम. २०१४ ची युरोपियन फॉर्म्युला थ्री, दहा शर्यती जिंकून एकूण तिसरा. हंगाम संपायच्या आतच रेड बुलने त्याला फॉर्म्युला वनची जागा देऊन टाकली, आणि १५ मार्च २०१५ रोजी सतराव्या वर्षी तो शर्यतीत होता. म्हणजे ज्याने तीन परीक्षांत पहिला नंबर काढला तो बाहेर, आणि ज्याने एकच परीक्षा दिली, तिच्यातही तिसरा आला, तो आत. आणि गंमत अशी, की रेड बुलची निवड शंभर टक्के बरोबर होती! २०२१ ते २०२४ सलग चार जागतिक विजेतेपदे म्हणजे काही तोंडाच्या गप्पा नव्हेत.

यावरून काही जण असा निष्कर्ष काढतात की पारखी नजर असली की पुरे, यादी कशाला हवी. हा निष्कर्ष मला धोक्याचा वाटतो. पारख्याची निवड बरोबर आली की आपण त्याचे गोडवे गातो. त्याने उचलून पुन्हा फेकून दिलेल्यांचा हिशेब कोण ठेवतो? फॉर्म्युला ई या विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या स्पर्धेतले विजेते मोजा. बुएमी, व्हेर्न दोनदा, दा कोश्ता, डी व्हरीस, व्हॅनडॉर्न. फॉर्म्युला वनने नाकारलेल्यांची किंवा हाकललेल्यांची ती हजेरीपटावरची नावेच आहेत.

पैशाला सरसकट शिव्या घालणाऱ्यांतलाही मी नाही. निकी लाउडाने घरच्यांचा विरोध पत्करून बँकेचे कर्ज काढले आणि जागा विकत घेतली. तो तीनदा जगज्जेता झाला. आपला नारायण कार्तिकेयन २००५ साली जॉर्डनमध्ये बसला आणि २०११ ला एचआरटीत परतला, ते टाटांच्या पाठबळाशिवाय घडले नसते, आणि त्याचा आपल्याला अभिमानच वाटला. २०११ च्या जुलैत रेड बुलने रिकार्दोला अनुभव मिळावा म्हणून त्याच एचआरटीत आणून बसवले आणि नारायणला उठावे लागले. ऑक्टोबरमध्ये नोएडाला पहिली इंडियन ग्रां प्री झाली तेव्हा त्याला पुन्हा गाडी मिळाली, कारण तिथे भारतीय चेहरा हवा होता. एका पात्रांवाने उठवले, दुसऱ्याने बसवले. ड्रायव्हर म्हणून तो या चार महिन्यांत ना चांगला झाला होता ना वाईट.

माझी तक्रार पैशाविषयी नाही, भाषेविषयी आहे. जागा विकायच्या तर खुशाल विका, धंदा आहे तुमचा. मग खालच्या पायऱ्यांवर ‘गुणवत्तेची शिडी’ असा फलक लावू नका. नाटक कंपनीच्या मालकाने भाच्याला नायक केले तर तो त्याचा प्रश्न, पण आधी गावोगाव जाहीर निवड चाचणी घेऊन, पोरांच्या बापांकडून फी घेऊन, पहिल्या आलेल्याला ‘राखीव’ म्हणून विंगेत उभे करू नये. आणि या शिडीवर चढायला बाप घरे गहाण टाकतात हो. त्यांना निदान हे आधी कळायला हवे की शिडीचा वरचा टोक भिंतीला टेकलेलाच नाही.

फ्राइन्सचे पुढे वाईट झाले नाही, हे सांगायला हवे, नाहीतर तुम्ही उगीच हळहळाल. बंद गाड्यांकडे वळला तशी परिस्थिती पालटली, कारण तिथे कारखानेच ड्रायव्हरला पगार देतात. २०१५ साली ब्लँकपेन जीटी मालिकेचा विजेता झाला. पुढे ऑडीकडून डीटीएम केली. फॉर्म्युला ई मध्ये २०१९ साली पॅरिसला पावसात जिंकला, मग न्यूयॉर्कला. २०२१ च्या ऑगस्टमध्ये ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत त्याच्या वर्गात पुढे असलेली त्याच्याच संघाची दुसरी गाडी शेवटच्या फेरीत बंद पडली. मागून येणाऱ्या फ्राइन्सने, चोवीस तासांनंतर, एका सेकंदापेक्षाही कमी फरकाने तो वर्ग जिंकला. त्याच दिवशी ल मांचे एकूण विजेतेपद घेणाऱ्या टोयोटात होता कामुई कोबायाशी. कॅटरहॅमच्या त्या बुडत्या होडीतले दोन खलाशी, सात वर्षांनी, एकाच दुपारी, आपापल्या चषकांसह! २०२४ पासून फ्राइन्स बीएमडब्ल्यूच्या मोठ्या गाडीत धावू लागला.

आणि शिडी? ती आहे तशीच आहे. २०२२ चा फॉर्म्युला टू विजेता ब्राझीलचा द्रुगोविच, २०२३ चा फ्रान्सचा पूर्शेर. दोघांनाही नंतरच्या हंगामात फॉर्म्युला वनची जागा मिळाली नाही. आणखी कहर म्हणजे नियमाप्रमाणे विजेत्याला पुन्हा फॉर्म्युला टू मध्ये धावता येत नाही. पास झालात, आता शाळेत बसू नका, आणि नोकरीही नाही.

यावर माझा एक कारकुनी उपाय आहे. २०२२ पासून प्रत्येक संघाला शुक्रवारच्या सरावात वर्षाकाठी दोन सत्रे नवोदितांना द्यावी लागू लागली, २०२५ पासून ती चार झाली. कोणाला द्यायची ते संघ ठरवतो, आणि अर्थातच आपल्या गुरुकुलातल्या पोराला किंवा थैली घेऊन येणाऱ्याला देतो. या चारांतले एकच सत्र, प्रत्येक संघात, फॉर्म्युला टू च्या आदल्या वर्षीच्या विजेत्याच्या नावाने राखून ठेवा. जितके संघ तितकी सत्रे, तितक्या वेगळ्या गाड्या. संघांना खर्च काही वाढत नाही, आणि मुलगा कसा आहे ते सगळ्यांना, सगळ्या गाड्यांत, घड्याळावर दिसेल. नंतर त्याला घ्या की घेऊ नका. फ्राइन्सला अशी दोनच मिळाली होती, तीही दोन्ही एकाच गाडीत, आणि ती गाडी त्या वर्षी मैदानातली सगळ्यांत हळू गाड्यांपैकी एक होती.